घरीच करू की!

आमच्या मावशीबरोबर बाजारात जाणं म्हणजे फुकटची पायपीट. ती दुकानात शिरते, वस्तू हातात घेते, उलटी करून शिवण बघते, नखानं रंग खरवडून पाहते, किंमत विचारते आणि दुकानदाराच्या तोंडावर म्हणते, "एवढंच ना? घरीच करू की!" वस्तू जागेवर ठेवते आणि बाहेर पडते. डोंबिवलीत फडके रोडवरचे दुकानदार पूर्वी चिडायचे. आता त्यांतले जुने लोक तिला पायरीवर पाहिलं की आधीच सांगून टाकतात, "मावशी, हे घरी होतं."

अशी एक मावशी, काकू किंवा आत्या प्रत्येक घराण्यात असते. पुरुषांतही ही जात आहे. पण पुरुष घरी करायला घेतो ती फळी असते आणि ती एकदा भिंतीवरून डब्यांसकट खाली आली की तो सुधारतो. मावशी सुधारत नाही.

एरवी ही बाई चारचौघींसारखी आहे. टपाल खात्यातून निवृत्त झाली. सकाळी पेपर वाचते, दुपारी अंमळ पडते, संध्याकाळी मालिका बघत त्यातल्या सुनांना सल्ले देते. पण पाऊस ओसरला, घट बसले, ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजायला लागलं की तिच्या अंगात येतं. घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ हा तिचा हंगाम. भोंडल्याला ती नेहमी नवी खिरापत करायची. खिरापत ओळखता येऊ नये हा खेळातला नियमच आहे. मावशीची खिरापत खाऊन झाल्यावरही ओळखता यायची नाही.

तिला हे सगळं काटकसरीपोटी सुचतं असा बाहेरच्यांचा समज आहे. काटकसरीचा इथे काडीचा संबंध नाही. दिवाळीच्या कंदिलाचंच घ्या. बाजारात बरा कंदील जेवढ्याला मिळतो तेवढ्या पैशांत मावशीच्या घरी फक्त कागद येतो. मग बांबूच्या कामट्या, रीळ, झिरमिळ्यांसाठी सोनेरी पट्टी, खळीसाठी मैदा, खळीला किडे-मुंग्या लागू नयेत म्हणून मोरचूद, कामट्या तासायला नवा चाकू, आणि नवा चाकू असल्यामुळे माझ्या बोटाला लागल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हिशेब काढला की ती म्हणते, "पण ते विकतचं!" या वाक्याला उत्तर नाही. आजवर कोणाला सापडलेलं नाही.

कामट्या तासायच्या त्या मी. कागद कापायचा तो माझ्या भावानं. खळ शिजवायची ताईनं, म्हणजे मावशीच्या मुलीनं. गुठळ्या झाल्या की त्या मोडायच्या काकांनी. मावशी मधोमध स्टुलावर बसून "असं नाही रे, असं" म्हणायची. पण ती नुसती उंटावरून शेळ्या हाकते असंही म्हणवत नाही, कारण शेवटी गाठ मारायला, डिंक पुसायला, कागदाची करंजी तिरकी लागली की उचकटायला तिचेच हात पुढे यायचे. ते कोणी बोलावलेले नसायचे.

दरवर्षी कामाला लागण्यापूर्वी ती आम्हाला माहीमच्या कंदील गल्लीत घेऊन जायची. विकत घ्यायला नव्हे, कल्पना घ्यायला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टांगलेले कंदील ती मान वर करून, हातातल्या वहीत पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. एकदा एका विक्रेत्यानं विचारलं, "बाई, दुकान टाकताय काय?" मावशी म्हणाली, "छे हो, एकच करायचाय." त्यावर त्यानं आपणहून तिला कामट्यांचा बांधायचा सांधा उलगडून दाखवला, कारण एका कंदिलासाठी डोंबिवलीहून माहीम गाठणाऱ्या बाईला दुसरं काय द्यायचं हे त्याला सुचलं नसावं.

आता एक गोष्ट घरातलं कोणी बोलत नाही, ती लिहून टाकतो. मावशीच्या वस्तू चांगल्या होत नाहीत. मधे चौकोन, वर-खाली त्रिकोण, खाली झिरमिळ्या असा तो पारंपरिक कंदील सगळ्या घरांत सारखा दिसतो; मावशीचा मात्र दरवर्षी एका अंगानं खाली झुकतो. काका त्याला झुकत्या बाजूच्या विरुद्ध एक नाणं चिकटवून तोलायचे. मातीच्या किल्ल्याचीही तीच गत. आमच्या किल्ल्यावर पेरलेले अळीव दिवाळीनंतर उगवायचे आणि महाराजांपेक्षा मावळा मोठा असायचा, कारण महाराज मावशीनं घडवलेले असायचे आणि मावळा बाजारातून चोरून आणलेला.

याला अपवाद नानकटाईचा. ती तिची खरोखर चांगली होते.

त्या काळी घरात भट्टी कुठली? काचेचं झाकण असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन काहींकडे होता, त्यात केक व्हायचा, पण दिवाळीच्या मापाची नानकटाई करायची तर बेकरीच गाठावी लागे. सकाळचे पाव निघाले की दुपारी भट्टी निवत आलेली असते, आणि नानकटाईला तशीच मंद आच लागते. कॉलनीतल्या बायका पिठाचे डबे घेऊन तिथे रांग लावत. एक किलो मैद्याला पाऊण किलो तूप, पाऊण किलो पिठीसाखर, मूठभर रवा, वेलदोडा-जायफळ. आधी तूप-साखर परातीत घालून तळहातानं फेसायची, पांढरीशुभ्र होईपर्यंत. झालं की नाही ते बघायला त्यातला थेंब पाण्यात टाकायचा. तो तरंगला पाहिजे. बुडाला तर पुन्हा हात चालवायचा. हात अर्थात आमचा.

बेकरीत मावशीला एकच चिंता असायची: आपला ट्रे दुसरीला जाईल. तिथे ट्रेला क्रमांकाची चिठ्ठी लावत, पण चिठ्ठीवर विश्वास ठेवेल ती मावशी कसली. ती प्रत्येक नानकटाईवर काट्यानं फुली मारायची आणि फुलीच्या मधोमध चारोळी बसवायची. पुढच्या वर्षी निम्म्या कॉलनीनं फुली मारली. त्या दिवशी बेकरीत जे रण माजलं ते पाहून बेकरीवाल्या चाचांनी पिठाचा हात कपाळाला लावला. "चाचा, खालची आच जरा कमी करा," असं मावशी त्यांना दर पाच मिनिटांनी सांगायची. चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला तो माणूस दर वेळी "जी" म्हणायचा आणि काहीही करायचा नाही. तिची नानकटाई चांगली होण्याचं खरं कारण हेच, असा माझा पक्का समज आहे.

पुढे चाचांच्या मुलानं डिझेलची फिरती भट्टी घेतली. 2025 साली मुंबईत लाकडावरच्या बेकऱ्यांना भट्टी बदलण्याचे आदेश निघाले तेव्हा मावशीनं ती बातमी कापून फ्रिजवर चिकटवली. धुरानं लोकांच्या छातीचं नुकसान होतं हे तिलाही मान्य आहे. फक्त नानकटाईच्या वेळेपुरती सवलत असावी, एवढंच तिचं म्हणणं.

पण हे सांगायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. 2024 च्या ऑक्टोबरात मावशी लेकीकडे न्यू जर्सीला आली. मीही तिथेच, एडिसनमध्ये, ताईपासून दहा मिनिटांवर राहतो. विमानतळावरून घरी येताना तिनं गाडीची काच खाली केली ती वर केलीच नाही. घरोघर पायऱ्यांवर भोपळे मांडलेले, दाराच्या खांबांना मक्याची ताटं बांधलेली, गवताच्या पेंढ्यांवर बुजगावणी बसवलेली. "हे लोक आपल्यातले दिसतात गं," मावशी ताईला म्हणाली. तिला आपली माणसं सापडली होती.

हा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी ताईनं तिला एका मोठ्या दुकानात नेलं. तिथे बुजगावणी रांगेनं विकायला उभी होती. मक्याची ताटं जुड्या बांधून, किंमत लावून. लाल-पिवळ्या पानांच्या माळा होत्या, त्या कापडाच्या. त्याच वेळी बाहेर अख्ख्या गावात लोक खरी पानं यंत्रानं फुंकून, पिशव्यांत भरून फेकत होते. मावशीनं कापडाचं पान हातात घेतलं, उलटं केलं, शिवण बघितली. पुढचं वाक्य आम्ही तिघांनी एकदम म्हटलं.

आता ही सगळी सजावट ज्याच्यासाठी, त्या 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनविषयी थोडं. आयर्लंडातले लोक त्या रात्री सलगमासारखी कंदमुळं कोरून आत दिवा ठेवत. ते अमेरिकेत आले तेव्हा त्यांना तिथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. मग त्यांनी भोपळ्यावर भागवलं. ही हकिकत सांगितल्यावर मावशीचं त्या लोकांविषयी मत फार चांगलं झालं. "मिळेल त्यात भागवतो तो शहाणा," ती म्हणाली आणि दुकानातला सगळ्यांत मोठा भोपळा उचलायला मला सांगितलं.

त्या वर्षी आणखी एक योग होता. कालनिर्णय बघून मावशीनं जाहीर केलं की 31 ऑक्टोबरला पहाटे नरकचतुर्दशी आहे. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी भुतं. एका दिवसात दोन सण म्हटल्यावर तिनं पदरच खोचला.

पहाटेची अडचण एकच होती. अंघोळीनंतर डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं असतं, नरकासुर म्हणून, आणि एडिसनच्या भारतीय दुकानांत मिळत नाही अशी वस्तू नाही, पण कारीट काही मिळालं नाही. मावशी डगमगली नाही. तिकडे शरदात शोभेचे चिमुकले दुधी-भोपळे विकायला येतात, हिरवे-पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्यातला एक कारिटाच्या मापाचा निवडून तिनं मागच्या दाराच्या पायरीवर ठेवला. त्याची साल वाळून टणक होते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. अंगठा ठेवला, जोर दिला, नरकासुर गडगडत जाऊन कुंडीखाली लपला. दुसऱ्यांदा ताईनं टाच मारून पाहिली. तिसऱ्यांदा जावईबापू बूट घालून आले. शेवटी उजाडायला लागलं, शेजारची बाई कुत्र्याला घेऊन बाहेर पडली, तेव्हा जावईबापूंनी तो असुर मोटारीच्या मागच्या चाकाखाली ठेवला आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकली. "श्रीकृष्णाकडे रथ होता," मावशी सुजलेला अंगठा चोळत म्हणाली, "तेव्हा शास्त्राबाहेरचं काही झालं नाही."

मग भोपळा. भोपळ्यावर तोंड कोरायचं काम जावयाचं, आतला गर काढायचं मावशीचं. गर टाकून देतात हे कळल्यावर ती जी काही भडकली, ते जावईबापू अजून विसरलेले नाहीत. तिनं चमच्यानं भिंती खरवडल्या, आणखी खरवडल्या, उजेड आरपार दिसेपर्यंत खरवडल्या. बिया धुऊन वाळत घातल्या. आणि त्या डोंगराएवढ्या किसाचे घारगे करायला घेतले.

घारग्याचं गणित ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. किसात गूळ घालून शिजवायचं, गार झालं की त्यात मावेल तेवढी कणीक घालायची, वरून पाणी घालायचं नाही. डोंबिवलीचा लाल भोपळा घट्ट असतो. तिकडचा कोरायचा भोपळा कोरण्यासाठीच वाढवलेला; मोठा, तंतूंचा आणि अळणी. त्याला गूळ लागल्यावर पाणी सुटलं ते सुटतच राहिलं. कणीक घातली, सैल. आणखी घातली, सैलच. मी दुकानातून पिठाची मोठी पिशवी आणली. गोळा जमेपर्यंत तो घरातल्या कुठल्याही पातेल्यात मावेना. ताईच्या मुलीला अंघोळ घालायचा टब बाहेर काढावा असा विषय निघाला होता. तो मी मोडून काढला. दुपारी एक वाजता तळायला सुरुवात झाली. चारला धुराची घंटा वाजली. मावशीला वाटलं दारावर कोणी आलं.

मधल्या वेळात नानकटाईही चालू होती, कारण घरात भट्टी आहे हे तिला आदल्याच दिवशी कळलं होतं. अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या ओव्हनमध्ये कढया आणि तवे राहतात. ते सगळे जमिनीवर काढून तिनं वहीत लिहिल्याप्रमाणे 180 वर आच ठेवली. वही सेल्सिअसमधली, ओव्हन फॅरनहाइटमधला. तासाभरानं ट्रे काढला तेव्हा तूप पसरून सगळ्या फुल्या एक झाल्या होत्या. ताईनं 350 वर काटा नेल्यावर मावशी दोन पावलं मागे सरली. दुसरा घाणा मात्र असा खुसखुशीत निघाला की तिनं नकळत इकडेतिकडे बघितलं. "जी" म्हणणारं कोणी नव्हतं.

हॅलोविनला मुलं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात, त्या पोशाखाची कथा वेगळीच. ताईच्या आठ वर्षांच्या लेकीनं बर्फाच्या राजकन्येचा झगा मागवला होता. मावशीनं तो परत पाठवायला लावला आणि नातीला म्हातारी केली. आपल्या गोष्टीतली, लेकीकडे जाऊन, तूपरोटी खाऊन, परतताना वाघाला चुकवायला भोपळ्यात बसते ती. कल्पना उत्तम होती. वायरींच्या कड्यांवर ताईचा नारिंगी परकर ताणला, हिरव्या मोज्याचं देठ केलं, मुलीला कापसाचे पांढरे केस आणि काठी दिली. "तिकडे गारठा असतो" असं मावशी डोंबिवलीपासून ऐकत आली होती, म्हणून आत जुनी गोधडी भरली. त्या वर्षी न्यू जर्सीत ऑक्टोबरभर पाऊस जवळजवळ नव्हता आणि 31 तारखेला पारा 80 फॅरनहाइटवर. गोधडीतली म्हातारी पहिल्या घराच्या पायरीवरच घामानं निथळत होती.

दार उघडलं. आतली बाई कौतुकानं म्हणाली, "ओह, अ पम्पकिन!" ताई हसली. पोर पिशवी पुढे करणार, तेवढ्यात मावशी पुढे झाली. भोपळा नव्हे, भोपळ्यात म्हातारी आहे, हे स्पष्ट होणं भाग होतं. तिनं गोष्ट सुरू केली. मी भाषांतर केलं. कोल्हा आला, वाघ आला, लेकीचं घर आलं, लठ्ठ होण्याचा करार आला. ती अमेरिकन बाई भली होती. तिनं वाघाचं पुढे काय झालं तेही विचारलं. तोवर आजूबाजूचे राक्षस, चेटकिणी आणि कोळीमानव चार-चार घरं उरकून पुढे गेले होते. दुसऱ्या घरी पुन्हा "पम्पकिन!", पुन्हा कोल्हा, पुन्हा वाघ. चौथ्या घरापुढे म्हातारी भोपळ्यातून बाहेर आली, केस काढून आजीच्या हातात दिले आणि निव्वळ आठ वर्षांची मुलगी म्हणून पुढच्या घरांकडे पळत सुटली. त्या संध्याकाळी तिला सर्वांत जास्त खाऊ परकर टाकून दिल्यावर मिळाला.

घरी दारात मावशीनं घारगे वाटले. तिकडे मुलांनी फक्त वेष्टनातला खाऊ घ्यायचा असा आईबापांचा दंडक असतो, हे कळल्यावर तिनं प्रत्येक घारगा प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून फितीनं बांधला होता. मुलं नम्रपणे "थँक यू" म्हणायची, फाटकापर्यंत जायची आणि दिव्याच्या उजेडात तो तपकिरी पदार्थ उलटसुलट करून बघायची. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या झुडपात दोन खारी घारगे खाताना मला दिसल्या. ते मी मावशीला सांगितलेलं नाही. गल्लीच्या टोकाच्या गुजराती घरातली दोन मुलं मात्र मुखवटे बदलून पुन्हा आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा बरोबर त्यांची आजी होती. तिच्याशी मावशीचं कृतीवरून जे बोलणं सुरू झालं ते व्हॉट्सॲपवर आजतागायत चालू आहे.

दारातल्या कोरलेल्या भोपळ्याचं तोंड, भिंती फार खरवडल्यामुळे आणि त्यात उकाड्यामुळे, सात वाजेपर्यंत आत बसलं होतं. येणारी मुलं त्यालाच सर्वांत जास्त घाबरली.

तर मावशी पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा येणार म्हणते. तिकडे राहणाऱ्या आणि अशी एखादी मावशी असणाऱ्या वाचकांना एवढंच सांगतो: घारग्यांसाठी कोरायचा मोठा भोपळा मुळीच आणू नका. 'पम्पकिन पाय'साठी म्हणून विकतात तो लहान, हाताला जड लागणारा घ्या. किसून घट्ट पिळा, गुळात घालून पाणी पार आटेपर्यंत शिजवा, कणीक मग आपोआप बेतात लागते. आणि तळायला घेण्यापूर्वी धुराच्या घंटेखालची खिडकी उघडून ठेवा.